दोन ओहम

एलॉय एकशेऐंशी डॉलर घेऊन आला,
चुरगळलेले, टायरच्या काजळीचा वास असलेले,
आणि म्हणाला, सगळ्यांत मोठा आकडा
ज्या खोक्यावर असेल ते दे.

एस्पान्योलात मंगळवारी दुकानात कुणी फिरकत नाही.
मी गहाणाच्या खिडकीमागे, डाव्या कानात नेहमीची शिट्टी.
बाहेर त्याची ब्यूक,
एका दाराचा रंग वेगळा.

ते दोन हजार वॅट वाचूच नकोस, मी म्हटलं,
उथळ पाण्याचा खळखळाट आहे तो.
खोकं उलटं कर. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत
लिहिलंय ते खरं: आरएमएस, तीनशे.
म्हणजे रोज, तासन्‌तास, धाप न लागता
जेवढं ओढेल तेवढं.
एर्सिलियानं लग्नाआधी
माझंही खोकं उलटं करून बघायला हवं होतं.

फळीवरून सबवूफर उतरवला.
बारा इंची, दोन कॉइलींचा, प्रत्येक चार ओहमची.
मीटर टेकवून दाखवला: तीन पॉइंट सहा,
वयाच्या मानानं ठीक.
या दोघी एकीमागे एक जोडल्यास तर आठ होतात,
अ‍ॅम्प नुसता जांभया देत बसेल.
शेजारी शेजारी जोड,
अधिकाला अधिक, उण्याला उणे,
दोन होतात. ह्या अ‍ॅम्पला दोन पेलतात.
त्याच्या खाली उतरलास तर धूर.

एवढंच?
एवढंच. मला हे कळायला
तीन अ‍ॅम्प लागले आणि एक कान.

हा पोचा कसला?
मधल्या टोपीवर, अंगठ्याएवढा.
होता आधीपासून, मी म्हटलं.
त्यानं आवाज बिघडतो?
नाही. फक्त दिसतो.

दोऱ्याला लटकलेली चिठ्ठी मी खिशात टाकली.
तिच्यावर नाव माझंच, अक्षरही माझंच.
त्या हिवाळ्यात घरातले पाइप फुटले होते.
मुदत संपून अकरा वर्षं झाली.
आणि त्याच्याही आधी, माझ्या कटलसची डिकी उघडी असताना,
चार वर्षांची मार्सेलिना आत वाकून
आवाज कुठे बसलाय ते बोटानं शोधत होती.
ती आता फीनिक्सला असते.
नाताळला फोन करते, कधी कधी.

सब चाळीस. अ‍ॅम्प नव्वद. तारा पस्तीस,
तांब्याच्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या नव्हेत.
पंधरा उरले, ते पेट्रोलला ठेव.

डिकीतला रंग खरवडायला सांगितला त्याला,
पत्रा उघडा पडेपर्यंत. जमिनीची तार रंगाला धरत नाही.
तो खरवडत राहिला, जीभ दातांत धरून.
मग गेन. स्क्रूड्रायव्हर केसभर फिरव,
मीटरवर चोवीस दिसले की हात काढ.
त्यापुढे आवाज वाढत नाही, लाटांची डोकी कापली जातात
आणि कॉइल आतल्या आत भाजते.
हात काढ म्हटलं ना.

त्यानं काढला. मग लावलं काहीतरी,
त्याच्या वयाचं, मला शब्द कळले नाहीत.
अंगणातली खडी हलली.
खिडकीतली गहाण घड्याळं काचेला टेकून बडबडली.
डाव्या कानाला काही ऐकू आलं नाही.
बरगडीला आलं.

तो चिमायोच्या रस्त्यानं गेला.
वरचे सूर आधी गेले,
खालचा ठोका बराच वेळ येत राहिला,
मग तोही नाही.

दहा मिनिटांत परत. तोंड पडलेलं.
मागे काहीतरी खडखडतंय.
तुझी नंबर प्लेट, मी म्हटलं,
आणि एका बेवारस गिटारच्या पेटीतलं
लाल मखमली अस्तर कापून
पिवळ्या पत्र्यामागे सरकवलं.

पुन्हा वाजव.
वाजवलं. गप्प.

फळीवर धुळीत एक गोल उरलाय.
उद्या तिथे ड्रिल मशीन ठेवेन.